सुई आणि बाहू

यंत्रांचा इतिहास सांगताना मोठमोठ्या शोधकांची नावे सांगण्याचा प्रघात आहे. वाफेचे यंत्र म्हटले की वॅट, तारायंत्र म्हटले की मोर्स आणि बोलके यंत्र म्हटले की एडिसन, हे समीकरण शाळेतील मुलांसही पाठ असते. परंतु कोणतेही यंत्र एका बुद्धीच्या एकाच झेपेने पूर्णत्वास जात नाही. त्याचे दोन भाग जेथे एकमेकांस मिळतात त्या सांध्यापाशी पुष्कळदा खरा प्रश्न दडलेला असतो, आणि तो सुटावयास मूळ शोधापेक्षा अधिक काळ लागतो. ग्रामोफोनच्या बाबतीत हा सांधा म्हणजे तबकडीच्या खाचेत चालणारी सुई आणि त्या सुईस धरून ठेवणारा बाहू यांचा होय. सुई उत्तम, बाहूही उत्तम, आणि जोडी मात्र वाईट, असा प्रकार येथे नित्य घडतो. हे नीट उमजावयास पाऊणशे वर्षे लागली. त्या पाऊणशे वर्षांचा वृत्तान्त येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा हेतू आहे. तो केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. विजोड जोडीने तबकडीची जी हानी होते ती कायमची असते. आणि आमच्या घरांतील कित्येक तबकड्यांवर जे आवाज आहेत ते आता दुसऱ्या कोणत्याही उपायाने पुन्हा मिळावयाचे नाहीत.

एडिसनने १८७७ साली आपले यंत्र सिद्ध केले तेव्हा त्यात तबकडी नव्हती. कथलाच्या पत्र्याने मढविलेले एक नळकांडे होते. सुई त्या पत्र्यावर खालीवर हलून आवाजाच्या खुणा उमटवी, आणि तिला नळकांड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेण्याचे काम एक मळसूत्र करी. म्हणजे आवाज घेणे हे सुईचे काम आणि वाट चालविणे हे मळसूत्राचे काम, अशी श्रमविभागणी तेथे होती. हॅनोव्हर येथे जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या एमिल बर्लिनरने १८८७ साली ही व्यवस्था मोडली. त्याने सपाट तबकडी घेतली, खाच खालीवर न ठेवता डावीउजवीकडे वळणारी केली, आणि मळसूत्र काढून टाकले. सुईने खाचेचे बोट धरून स्वतःच परिघापासून मध्याकडे चालत यावे, अशी त्याची योजना होती. यंत्र सोपे झाले, स्वस्त झाले, आणि एका साच्यातून हजारो तबकड्या निघू लागल्या. परंतु या सोयीची किंमत खाचेस द्यावी लागली. आवाज सांगणे आणि सुईसह सगळे ओझे ओढून नेणे, ही दोन्ही कामे त्या केसाएवढ्या खाचेवर येऊन पडली. पुढील सगळ्या अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

आरंभी हे ओझे फारच अवजड होते. बर्लिनरच्या पहिल्या यंत्रांत सुई, साउंडबॉक्स आणि कर्णा एकमेकांस जोडलेले असत, त्यामुळे कर्ण्याचाही भार काही अंशी सुईवर येई. कॅम्डेन येथील यंत्रकार एल्ड्रिज जॉन्सन याने १९०३ च्या सुमारास कर्ण्यास निराळा आधार दिला, आणि साउंडबॉक्स व कर्णा यांच्यामध्ये निमुळता होत गेलेला एक पोकळ, फिरता बाहू घातला. टोनआर्म हे नाव त्या बाहूचे. कर्ण्याचे वजन खाचेवरून उतरले; तरी साउंडबॉक्सचे उरलेच, आणि ते शंभर ग्रॅमहून अधिक असे. ते कमी करण्यास वावही नव्हता. त्या काळी विजेचे साहाय्य नव्हते. दिवाणखान्यात जो आवाज भरे तो सगळा खाचेने सुईस दिलेल्या धक्क्यांतूनच निघावयाचा. धक्का जोराचा हवा तर सुई खाचेत घट्ट बसलेली हवी, आणि ती घट्ट बसावयाची तर वर वजन हवे.

एवढे वजन सोसणारी तबकडी ज्या द्रव्याची बनत असे, त्याच्याशी आमच्या देशाचा निकट संबंध आहे. लाखेचा पुरवठा जगास मुख्यत्वे हिंदुस्थानातून होत असे, आणि ती लाख दगडाच्या पुडीत मिसळून तबकड्या दाबीत असत. फ्रेड गैसबर्ग याने १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास येऊन गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. गाण्याच्या शेवटी ती आपले नाव इंग्रजीत सांगते, कारण तबकड्या दाबावयाच्या होत्या दूर हॅनोव्हरला, आणि तेथील कारागिरांस गाणाराची ओळख पटणे जरूर होते. पुढे १९०८ साली सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या येथेच बनू लागल्या. त्यांतील दगडाची पूड केवळ भरताड म्हणून नव्हती. खाचेत शिरलेली नवी पोलादी सुई त्या पुडीवर घासून काही फेऱ्यांतच खाचेच्या आकाराची व्हावी, असा तिचा हेतू होता. जोडी जुळविण्याचा हा पहिला उपाय म्हणावा लागेल, आणि तो रानटी होता. सुई तबकडीस जुळत नाही तर तबकडीनेच तिला घासून जुळवून घ्यावे, असा हा प्रकार.

त्यात अट एकच होती. घासून धार आलेली सुई दुसऱ्या बाजूस पुन्हा वापरावयाची नाही. म्हणूनच दोनशे सुयांच्या त्या रंगीत चित्रांच्या पत्र्याच्या डब्या विकल्या जात. आता आमच्या मध्यमवर्गातील काटकसर सर्वश्रुत आहे. एक पिन एकदाच वापरून फेकून द्यावयाची, ही कल्पना ज्या घरांत काडेपेटीतील काड्याही मोजून वापरल्या जात तेथे रुचणे कठीणच होते. एकाच पिनेवर आठ-दहा तबकड्या वाजविल्या गेल्या, आणि चकचकीत काळ्या तबकड्यांवर करड्या रंगाचे पट्टे उमटले. ज्या तबकड्या अधिक आवडीच्या त्याच अधिक करड्या झाल्या. बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकडीवर ऐकू येणारी खरखर पुष्कळदा काळाने आणलेली नसून प्रेमाने आणलेली असते.

वजनाचा प्रश्न असा अडून राहिला असता दुसरा एक प्रश्न पुढे आला. तो भूमितीचा होता. मूळ तबकडी कोरणारे हत्यार परिघापासून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. वाजविणारा बाहू मात्र एका खुंटीभोवती फिरतो, म्हणून सुई वर्तुळखंडात चालते. कोरताना हत्याराचे तोंड ज्या दिशेस होते त्या दिशेस वाजविणाऱ्या सुईचे तोंड सर्व ठिकाणी राहू शकत नाही. कॉम्प्टन मॅकेंझी यांनी १९२३ साली लंडनमध्ये ‘द ग्रामोफोन’ हे मासिक सुरू केले. त्यात १९२४ साली पर्सी विल्सन यांनी या दोषाचे गणित मांडून त्याची तोड दाखविली. बाहूचे डोके थोडे आतल्या बाजूस वाकवावे, आणि सुई तबकडीच्या मध्यबिंदूच्या किंचित पलीकडे जाईल इतकी बाहूची लांबी ठेवावी, म्हणजे दिशेची चूक अगदी थोडी उरते. स्वीडनच्या एरिक लॉफग्रेन यांनी १९३८ साली आणि बेअरवाल्ड यांनी १९४१ साली हेच गणित अधिक काटेकोर केले. आजही सुई बसविताना जो कागदी नमुना वापरतात त्यावरील खुणा त्यांच्याच समीकरणांतून आलेल्या आहेत.

परंतु एक दोष घालविला की त्याच्या जागी दुसरा येतो, हा यंत्रशास्त्रातील जुना अनुभव आहे. बाहूचे डोके वाकविल्यामुळे खाचेच्या घर्षणाची ओढ खुंटीच्या रेषेत न राहता बाजूस पडली, आणि सुई मध्याकडे ओढली जाऊ लागली. शंभर ग्रॅमच्या काळात ही ओढ कोणाच्या ध्यानी येण्यासारखी नव्हती. भार हलका झाल्यावर मात्र तिचा परिणाम स्पष्ट झाला. खाचेची आतील भिंत अधिक दाबली जाऊ लागली व बाहेरील भिंतीचा स्पर्श सुटू लागला. त्यासाठी बाहूस उलट दिशेने ओढणारे एखादे लहानसे वजन दोऱ्याने टांगण्याची किंवा कमान लावण्याची युक्ती निघाली.

भार हलका होण्याची वाट १९२५ साली मोकळी झाली. त्या वर्षी विजेच्या साह्याने मुद्रण सुरू झाले. बेल प्रयोगशाळेतील मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी या वेळी एक विचार मांडला. आमच्या मते या सगळ्या इतिहासातील तो कळीचा विचार होय. वजन, लवचिकपणा आणि घर्षण यांचे परस्परसंबंध विजेच्या मंडलातील घटकांसारखेच असतात; तेव्हा विद्युत्शास्त्रात एक भाग दुसऱ्याशी ज्या नियमाने जुळवितात, त्याच नियमाने सुई, पडदा, बाहू आणि कर्णा हेही एकमेकांशी जुळविता येतील, असे त्यांनी दाखविले. तोवर कारागीर प्रत्येक भाग सुटा घेऊन सुधारीत होते. आता सगळी साखळी एकत्र धरून तिचा हिशेब करणे शक्य झाले. हार्वर्ड येथे पिअर्स आणि हंट यांनी १९३८ साली खाचेतील विकृतीचे गणित प्रसिद्ध केले, आणि थोड्या ग्रॅमांच्या भारावर सुई चालविता येते व चालविलीही पाहिजे, हे दाखवून दिले.

पुढे १९४८ च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली. ती लाखेची नसून व्हिनाइलची होती. जुन्या तबकडीवर एका इंचात सुमारे १०० खाचा बसत. हिच्यावर त्याच्या दुपटीहून अधिक बसू लागल्या. सुईचे टोक जुन्याच्या सुमारे एक तृतीयांश झाले आणि भार दहा ग्रॅमच्या खाली आला. त्यानंतर १९५८ साली द्विध्वनी तबकड्या विक्रीस आल्या. त्यांची मूळ कल्पना ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ च्या एकस्वात नोंदविली होती. खाचेच्या दोन भिंतींवर दोन निरनिराळे आवाज, अशी ही योजना असल्याने सुईस आता आडवे व उभे असे दोन्ही नाच करावे लागले. बर्लिनरची आडवी चाल आणि एडिसनची उभी चाल या दोन वैरिणी अशा रीतीने एका खाचेत नांदू लागल्या.

येथून पुढे जी शर्यत लागली तिचे ध्येय एकच दिसे: हलके, आणखी हलके. आणि याच ठिकाणी ज्यास आम्ही जोडीचा प्रश्न म्हटले तो पूर्ण स्वरूपात प्रकट झाला. सुई ज्या डबीत बसविलेली असते तीस कार्ट्रिज म्हणतात. आत सुईची दांडी रबरासारख्या पदार्थाच्या लवचिक आधारावर झुलत असते. एका टोकास हा झुलता आधार आणि दुसऱ्या टोकास बाहूचे वजन, असे दोन पदार्थ एकत्र आले की स्प्रिंगला टांगलेल्या ओझ्याप्रमाणे त्यांची स्वतःची एक आंदोलनगती ठरते. सारंगीवर गज फिरला असता न छेडलेली तरफ आपल्या स्वरावर आपोआप बोलू लागते, हे वाचकांनी पाहिले असेल. तसेच येथेही घडते. जोडीच्या स्वाभाविक गतीचा धक्का तबकडीतून मिळाला की सगळा बाहू डोलू लागतो.

हा धक्का कोठून मिळतो? कोणतीही तबकडी पूर्ण सपाट नसते. उन्हाने, दाबाने किंवा नीट न ठेवल्याने तीस थोडा बाक येतोच, आणि त्या बाकामुळे सुईस बसणारे हिसके बहुतांशी सेकंदास आठ आंदोलनांच्या आत असतात. उलटपक्षी मनुष्याच्या कानास ऐकू येणारे स्वर वीस आंदोलनांपासून पुढे सुरू होतात. तेव्हा जोडीची स्वतःची गती या दोहोंच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात, म्हणजे आठ ते बारा आंदोलनांच्या दरम्यान असावी, हे उघड आहे. त्याचा हिशेबही कठीण नाही. बाहूचे परिणामी वजन, कार्ट्रिजचे वजन आणि खिळ्यांचे वजन ग्रॅममध्ये मिळवावे, त्या बेरजेस लवचिकपणाच्या अंकाने गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि त्याने १५९ ला भागावे. समजा, बाहू ५ ग्रॅमचा, कार्ट्रिज ६ ग्रॅमची, खिळे १ ग्रॅमचे आणि लवचिकपणा २५ आहे. उत्तर सुमारे ९ येते, जोडी उत्तम. तीच कार्ट्रिज २५ ग्रॅमच्या बाहूस लावली तर उत्तर साडेपाचाच्या जवळ येते. तबकडीच्या प्रत्येक बाकाबरोबर बाहू डुलणार. याच्या उलट, साडेआठ ग्रॅमची पण ताठ, म्हणजे १० लवचिकपणाची कार्ट्रिज त्या हलक्या बाहूस लावली तर उत्तर तेराच्या पुढे जाते, आणि तिचे जोरदार हिसके बाहूस थोपविता येत नाहीत. पण तीच ताठ कार्ट्रिज त्या जड बाहूस लावा, उत्तर साडेआठाच्या वर येते आणि संसार सुखाचा होतो.

इतिहासातील उदाहरणे याच हिशेबाची साक्ष देतात. डेन्मार्कच्या ऑर्टोफोन कंपनीची एस्‌पीयू ही कार्ट्रिज १९५९ साली निघाली. ती ताठ, कवचासह तीस ग्रॅमच्या आसपास वजनाची, आणि तीनचार ग्रॅम भार मागणारी. त्याच वर्षी इंग्लंडात रॉबर्टसन-एकमन यांच्या एस्‌एम्‌ई कारखान्याने ३०१२ हा लांब, भक्कम बाहू काढला. दोघांचे चांगलेच जमले. नंतर अमेरिकेच्या शूर कंपनीने १९६४ साली व्ही-१५ ही मऊ आधाराची, हलकी कार्ट्रिज आणली आणि तिच्या वंशजांनी भार एक ग्रॅमच्या आसपास नेऊन ठेविला. तेव्हा त्याच इंग्रज कारखान्यास आपले बाहू बारीक करीत न्यावे लागले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील त्याच्या तिसऱ्या मालिकेतील बाहूचे परिणामी वजन अवघे पाच ग्रॅम होते. या सुमारास पुष्कळ हौशी लोकांनी जड बाहूस मऊ कार्ट्रिज जोडून दोघांसही नावे ठेविली. खिल्लारी बैलाच्या जोडीस तान्हा गोऱ्हा जुंपून मग नांगर वाकडा चालतो म्हणून जमिनीस दोष देण्यासारखेच हे झाले.

आता या विजोडाचा परिणाम काय होतो तो पाहू. बाहू डोलू लागला की सुईवरील भार क्षणोक्षणी बदलतो. दीड ग्रॅम म्हणून ठेविलेला भार एका क्षणी पाऊण होतो, दुसऱ्या क्षणी सव्वादोन. भार घटलेल्या क्षणीच जर खाचेत जोराचा स्वर आला, तर सुई भिंत सोडते आणि परत येऊन तीवर आदळते. कानास तो तारस्वरावर आवाज फाटल्यासारखा, किंवा स, श या अक्षरांवर थुंकी उडाल्यासारखा ऐकू येतो. तबकडीच्या अखेरीकडे हा दोष वाढतो, कारण फेऱ्यांची गती तीच राहून वर्तुळ लहान झाल्याने सुईखालून जाणारी खाच निम्म्याहून कमी वेगाने जाते आणि तेच स्वर थोड्या जागेत दाटीने कोरलेले असतात. तीन मिनिटांत ख्याल बसविताना द्रुत तानांचा भर बहुधा उत्तरार्धात येतो. म्हणजे जेथे गवयाची परीक्षा, तेथेच सुईचीही. ऐकणारा मात्र तान फाटली असे म्हणून मोकळा होतो.

यावर अनेकांस सुचणारा उपाय म्हणजे भार आणखी कमी करणे. तबकडीवर दया म्हणून ते असे करितात, आणि ती दया तबकडीस मारते. नेमून दिलेल्या भाराने खाचेत स्थिर चालणारी सुई भिंतींवरून घसरत जाते. कमी भाराने उडणारी सुई हिऱ्याच्या टोकाने त्याच भिंतींवर घाव घालते. पहिल्याने होणारी झीज मंद असते. दुसऱ्याने खाचेतील बारीक वळणे एकाच वादनात छाटली जाऊ शकतात, आणि त्यानंतर जगातील सर्वोत्तम यंत्र आणले तरी ती तान परत येत नाही. हलकेपणा आणि सौम्यपणा हे एक नव्हेत, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा आमच्या घरांस अधिक लागू आहे. हिंदुस्थानात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या इतर देशांपेक्षा पुष्कळ उशिरापर्यंत, १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, निघत राहिल्या. त्यामुळे एकाच कपाटात लाखेच्या आणि व्हिनाइलच्या तबकड्या शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दिसतात. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल. परंतु दोघींच्या खाचा निराळ्या. दीर्घ तबकडीची बारीक सुई जुन्या रुंद खाचेत घातली तर ती तळाशी लोळते आणि धूळ तेवढी वाचते. जुन्या यंत्राची पोलादी पिन दीर्घ तबकडीवर ठेविली तर एका वादनात तिचा निकाल लागतो. अलीकडे व्हिनाइलची आवड पुन्हा वाढली आहे, आणि आजोबांच्या पेटीतील तबकड्या नातवंडे बाहेर काढीत आहेत. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु वाजविण्यापूर्वी सुई कोणत्या खाचेसाठी आहे, बाहू कितीचा आहे, आणि कार्ट्रिज मऊ आहे की ताठ, एवढे तीन प्रश्न विचारावयास पाच मिनिटे पुरतात. भार काट्यावर तोलण्यास आणखी दोन.

ग्रामोफोनच्या इतिहासात कोणत्याही एका भागाचा विजय झालेला दिसत नाही. हलका बाहू जिंकला नाही, जडही हरला नाही. मऊ सुई श्रेष्ठ ठरली नाही, ताठ सुईही कनिष्ठ ठरली नाही. आपल्या जोडीदाराचे बळ आणि मर्यादा ओळखून ज्यांची निवड झाली तेवढेच खाचेत नीट चालले. साथीदारांच्या बाबतीत आमच्या गवयांस हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. तबलजी कितीही तयारीचा असला तरी तो त्या गाण्यास जुळला पाहिजे, हा आग्रह ते नेहमी धरीत आले. त्यांचा आवाज ज्या खाचेत जपून ठेविला आहे तीस तेवढाच आग्रह आपण दाखवावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.